पेटीविना राउटर

लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर लिनक्सवर चालत होता. परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’ जन्माला आले.

आज हे सॉफ्टवेअर पेटीवाचूनही चालते. राउटर, फायरवॉल यांसाठी वेगळी यंत्रे न घेता ती साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवावीत, असे सुचवणारी श्वेतपत्रिका बड्या दूरसंचार कंपन्यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला मांडली होती.

ओपनडब्ल्यूआरटीची एक्स८६ इमेज ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरवर चढवून दोन आभासी नेटवर्क कार्डे जोडली, की राउटर सुरू होतो. खरी मेख पुढेच आहे. ही इमेज पहिले कार्ड घरातल्या नेटवर्कचे समजते, स्वतः १९२.१६८.१.१ हा पत्ता घेते आणि इतरांना पत्ते वाटू लागते. क्लाउडमध्ये ते काम आधीच दुसरीकडे होत असते. शिवाय नोंद नसलेल्या पत्त्यावरून आलेले पॅकेट ओपनस्टॅक पोर्टवरच अडवते. राउटर चालू दिसतो, पलीकडे मात्र काहीच पोहोचत नाही!

म्हणून नेटवर्कची फाइल इमेज चढवण्याआधीच बदलावी आणि फक्त राउटरच्या पोर्टांवर आवश्यक पत्त्यांना मुभा द्यावी. रूट खात्याला पासवर्ड तर लगेच द्यावा. मूळ इमेजमध्ये तो नसतो.