गाजरगवताचा त्वचाशोथ व लसीका पेशींची स्मृती

पुण्यातील पडीक जागा आणि रेल्वेमार्गांच्या कडा पावसाळ्यात बारीक पांढऱ्या फुलांनी व्यापणारे गाजरगवत या शहरात १९५५ साली आढळले; राव यांनी त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर ते आले, ही समजूत दृढ आहे. परंतु त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील असल्याने ती सावधपणेच स्वीकारली पाहिजे. या वनस्पतीपासून उद्भवणाऱ्या त्वचाशोथाचे वृत्त लोणकर व जोग यांनी १९६८ साली दिले.

पापण्या, मान, कोपरांची खोबण या ठिकाणी प्रथम खाज सुटते. पुढे कातडी जाड, काळपट व भेगाळ होते. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने येत असल्याने रोग्याने झाडाला हात लावलेला असतोच असे नाही. मात्र त्याच धुळीत वावरणारे बहुसंख्य लोक निरोगी राहतात. तेव्हा हे साधे विष नव्हे, हे उघड आहे.

गवतावरील सूक्ष्म रोमांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा रेणू इतका लहान की शरीराच्या संरक्षक पेशींना तो एकटा ओळखताच येत नाही. त्वचेतील प्रथिनांच्या गंधकयुक्त घटकांशी त्याचा संयोग झाला म्हणजे ते प्रथिन 'परके' भासू लागते. बाह्यत्वचेतील शाखायुक्त लांगरहान्स पेशी हा संयोग ग्रहण करून नजीकच्या लसीका ग्रंथीत जातात व तेथील टी-पेशींपुढे त्याचे अंश मांडतात. (१८६८ साली या पेशी शोधणाऱ्या लांगरहान्सने त्यांना मज्जापेशी मानले होते!) अनुरूप टी-पेशींची संख्या वाढते आणि त्यांतील काही स्मृतिपेशी म्हणून दीर्घकाळ टिकतात. पुढे धुळीचा स्पर्श होताच त्या त्वचेत जमतात, दाहकारक द्रव्ये स्रवतात आणि एक-दोन दिवसांत शोथ प्रकट होतो.

हा दोष रक्तद्रवातील प्रतिपिंडांचा नसून पेशींचाच आहे, याची साक्ष लँडस्टायनर व चेस यांनी १९४२ साली दिली. रासायनिक द्रव्याने संवेदनशील केलेल्या गिनीपिगांच्या पेशी दुसऱ्या गिनीपिगांत घालताच संवेदनशीलता संक्रांत झाली. रक्तद्रवाने मात्र ती झाली नाही. पाठीवर पट्टी लावून केलेल्या परीक्षेचे निरीक्षण ४८ तासांनी व पुन्हा काही दिवसांनी करावे लागते, त्याचेही कारण पेशींची ही मंद गती हेच होय.

स्टेरॉइडे दाह शमवितात. ॲझाथायोप्रीन लसीका पेशींच्या वाढीस आळा घालते व त्यासाठी रक्तपेशींची नियमित तपासणी आवश्यक ठरते. स्मृतिपेशींचा समूळ नाश मात्र या दोहोंनी होत नाही. म्हणून औषध थांबल्यावर पुढील पावसाळ्यात, घराशेजारचे गवत फुलले की, जुन्याच जागी खाज पुन्हा सुरू होऊ शकते.