पाऊण मिलिमीटरचं भोक

कविता लिहिणाऱ्या माणसाने ड्रिलच्या स्टँडविषयी काय म्हणून बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. पण आमचे अब्बा मिरजेत रेडिओ दुरुस्त करायचे. शाळेतून आलो की त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून, कथलाचा धूर नाकात घेतच मी गृहपाठ केला. तो नाद काही सुटला नाही. कवितेने पैसे दिले नाहीत आणि या नादाने होते तेही नेले, असं घरात म्हणतात. असो.

तर काही वर्षांपूर्वी अम्मीला ऐकू येणं फार कमी झालं. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र तिला सहन होईना. कानात किडा शिरल्यासारखं वाटतं म्हणायची आणि काढून उशीखाली ठेवायची. हळूहळू घरातले तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. कोणी मुद्दाम केलं नाही. ओरडून ओरडून माणूस किती बोलणार? डिप्लोमाला असलेला माझा भाचा म्हणाला, "मामू, एक माइक, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि हेडफोन. नानीच्या हातात डबी देऊ, आपण माइकजवळ बोलू." डॉक्टरांच्या यंत्राची जागा अशी डबी घेत नाही, हे आधीच सांगतो. पण बसल्या जागी दोन गोष्टी बोलायला ती पुरेशी होती.

सर्किट सोपं होतं. एलएम ३८६ नावाची आठ पायांची आयसी, एक ट्रान्झिस्टर, मूठभर कॅपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या बोर्डावर रेषा आखल्या, फेरिक क्लोराइडच्या पाण्यात नको असलेलं तांबं विरघळवलं आणि बोर्ड तयार झाला. अडलं ते भोकांशी. चाळीसेक भोकं पाडायची होती. आयसीच्या पायांना ०.८ मिलिमीटरचं भोक लागतं, जाड पायाच्या सुट्या भागांना एक मिलिमीटरचं आणि स्क्रूला तीनचं. आयसीच्या दोन पायांत अंतर २.५४ मिलिमीटर. प्रत्येक पायाभोवती तांब्याची जी टिकली असते ती जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर रुंद. म्हणजे भोक मधोमध पडलं तरी चहूबाजूंनी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी तांबं उरतं. तेवढं भोक सरकलं की टिकली गेली.

मी घरचं भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल घेतलं. त्याच्या चकात एवढं बारीक बिट धरलंच जाईना, म्हणून बिटाला कागद गुंडाळला. हसू नका, पुष्कळांनी हे केलेलं आहे. सहा बिटं तुटली. सातव्याचा तुकडा उडून चष्म्याच्या काचेवर आपटला. काचेवर ओरखडा उठला, तो अजून आहे. अम्मी दारात उभी होती. तिला आवाज आला नव्हता, पण माझा चेहरा तिने पाहिला. "छोड दे बेटा," एवढंच म्हणाली. सोडायला ती तयार होती, मी नव्हतो.

बिटं तुटतात का, ते आधी समजून घ्यायला हवं. चांगल्या बोर्डात काचेचे धागे असतात. साध्या पोलादी बिटाची धार त्यावर चटकन बोथट होते. म्हणून टंगस्टन कार्बाइडचं बिट वापरतात. त्याची धार टिकते, पण ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ असतं. सरळ खाली दाबलं तर शेकडो भोकं पाडेल, पण भोकात असताना बाजूला जरासा धक्का बसला की संपलं. माणसाचा हात सरळ खाली जात नाही, कमानीत जातो. शिवाय बारीक बिटाला वेग फार लागतो. आठ मिलिमीटरच्या बिटाची कड एका फेऱ्यात पंचवीस मिलिमीटर फिरते, ०.८ च्या बिटाची फक्त अडीच. म्हणून मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेणारं घरगुती ड्रिल इथे कमी पडतं. दहा हजारांच्या पुढे जाणारं छोटं ड्रिल हवं. कारखान्यातली यंत्रं तर लाखाच्या पुढे जातात.

तेव्हा छोटं ड्रिल आणि त्याला स्टँड, असं ठरलं. पहिला स्टँड मी चित्र पाहून मागवला. दिसायला देखणा, वर-खाली जाणारा दांडा, मोजपट्टी, सगळं होतं. पण डोकं प्लास्टिकचं, आणि ते खांबावर इतकं सैल की बोटाने ढकललं तर हलायचं. कारागीर याला 'प्ले' म्हणतात. हातातला दोष मी पैसे देऊन यंत्रात विकत घेतला होता. आणखी चार बिटं गेली.

दुसऱ्या वेळी पुण्याला तपकीर गल्लीत गेलो तेव्हा खिशात चार वस्तू होत्या : गोधडीची जाड सुई, तीन मिलिमीटरची सरळ सळई, सुताराचा छोटा गुण्या आणि आलेखाचा कागद. दुकानदार म्हणाला, "काका, शिलाई मशीन इथे नाही मिळत." पण भला माणूस होता, त्याने बघू दिलं.

पहिली परीक्षा सुईची. सुई चकात धरायची, कागदावरच्या रेषांच्या फुलीवर टोक आणायचं आणि डोकं बोटाने हळूच बाजूला ढकलायचं. टोक फुलीवरून हललं तर स्टँड ठेवून द्यायचा, मग तो कितीही स्वस्त असो. हीच परीक्षा दांडा अर्धा खाली दाबून पुन्हा करायची, कारण काही स्टँड वर घट्ट आणि खाली सैल असतात. दुसरी परीक्षा चकाची. चक हाताने सावकाश फिरवा आणि टोक पाहा. ते जागच्या जागी फिरायला हवं, रिंगण घालता कामा नये. मग सुई काढून बारीक बिट लावा आणि ड्रिल चालू करा. दोन टोकं असल्यासारखी दिसली तर चक वाकडा आहे. तीन जबड्यांच्या स्वस्त चकापेक्षा ठरावीक मापाचं कोलेट या बाबतीत सहसा बरं असतं.

तिसरी परीक्षा सळई आणि गुण्याची, आणि इथे माझी स्वतःची समजूत चुकीची होती. मला वाटायचं, बिट बोर्डाला अगदी काटकोनात हवं. पण बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर. अख्खा स्टँड दोन अंशांनी कलला तरी भोक वरून खाली जाईपर्यंत पाच-सहा शतांश मिलिमीटरच सरकतं. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते केव्हा, तर ड्रिल कललेलं आणि डोकं मात्र सरळ उतरत असतं तेव्हा. मग बिट भोकात आडवं रेटलं जातं. म्हणून सळईला गुण्या लावा, समोरून आणि बाजूने. सळई आणि गुण्यात वरपासून खालपर्यंत सारखीच फट दिसायला हवी, आणि डोकं वर-खाली केलं तरी ती बदलायला नको.

बाकीच्या गोष्टी दुय्यम. दांड्याची चाल लांब असल्याचं विक्रेते कौतुकाने सांगतात, पण आपल्याला पंधरा-वीस मिलिमीटर पुष्कळ झाले. खांब आणि बिट यांत अंतर किती, ते मात्र मोजा. शंभर मिलिमीटर असेल तर दोनशे मिलिमीटर रुंद बोर्डाच्या मध्यापर्यंत पोचता येतं, बोर्ड फिरवून दुसरी बाजू घ्यायची. बैठक लोखंडाची, जड हवी. स्प्रिंग हलकी हवी. ती कडक असली की हात जोर लावतो आणि जोर लावला की बिट जातं. भिंतीच्या ड्रिलसाठीचे मोठे ओतीव स्टँडही मिळतात, ४३ मिलिमीटरच्या गळ्याचे. तीन मिलिमीटरच्या भोकाला ते उत्तम, पण आपल्या कामाचे नाहीत. मोटर, पट्टा आणि टेबल एकत्र असलेलं छोटं बेंच ड्रिल सगळ्यांत चांगलं, परवडत असेल तर. मला परवडलं नाही. मी दोन खांबांचा, धातूच्या डोक्याचा साधा स्टँड घेतला. रंग उडालेला होता, सुई मात्र हलली नाही.

आता फाईल पाठवली की भोकांसकट तयार बोर्ड घरपोच येतात आणि पुष्कळ नवे भाग भोकांशिवायच वरून चिकटतात, हे भाचाच मला सांगतो. दहा-वीस बोर्ड करायचे असतील तर खुशाल तसं करा. एकच हवा असेल, आणि आजच हवा असेल, तर हे घरचं काम.

त्या रात्री चाळीस भोकं पडली, बिट एकही तुटलं नाही. खाली हार्डबोर्डचा तुकडा ठेवला होता. टिकल्यांच्या मध्ये तांबं विरघळून झालेला बारीक खळगा असतो, बिट आपसूक त्यात बसतं. म्हणून बोर्ड शेगड्यात आवळून धरायचा नाही, हाताने सैल धरायचा, बोटं लांब ठेवून. चष्मा किंवा गॉगल हवाच. भुकटीत काच असते, तेव्हा तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क बांधा आणि टेबल ओल्या कापडाने पुसा. फुंकर मारू नका.

दोन दिवसांनी डबी तयार झाली. भाच्याने माइकजवळ तोंड नेऊन विचारलं, "नानी, चाय पियेगी?" अम्मी दचकली आणि म्हणाली, "चिल्ला क्यूं रहा है?" आवाज कमी करायचं बटण कुठे आहे, ते तिला दाखवायचं राहिलं होतं.