तार कधी बदलायची?

दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातला वडसा, म्हणजे देसाईगंज, नाटकांच्या बुकिंगने गजबजतो. मंडईची जत्रा असो की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, गावात रात्रभर नाटक असतेच. अशा हंगामात संगीतसाथीला बेस गिटार घेतली, तर तिच्या तारांचे आयुष्य किती?

तार तुटेपर्यंत थांबू नये. बेसची जाड तार सहसा तुटत नाही, ती आवाजाने मरते. पोलादी गाभ्याभोवती निकेलचे किंवा पोलादाचे वेटोळे असते. त्यात घाम, तेल आणि मंडपातली धूळ शिरते. मग स्वराची झळाळी जाते आणि वरच्या पडद्यांवर सूर हलतो. रोज वाजवणाऱ्याने एक ते तीन महिन्यांनी तारा बदलाव्यात. घरी अधूनमधून वाजवणाऱ्याला सहा महिने, कधी वर्षही चालते. लेप दिलेल्या तारा जास्त टिकतात, आणि सपाट वेटोळ्याच्या तर कित्येक वर्षे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तशाच सपाट तारा वापरी, आणि तुटल्याशिवाय बदलत नसे! जुना, बोथट आवाजच त्याला हवा होता.

वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तार पुसावी. इतक्या साध्या गोष्टीने आयुष्य वाढते. उकळत्या पाण्यात तारा टाकण्याची युक्ती काही दिवसच साथ देते. घाई असेल तेव्हा ठीक.

खडी गंमत या लोकनाट्यातल्या तुणतुण्याला असला हिशेब नाही. एकच तार, तुटली की नवी.