हेलियम धरून ठेवायचा तर

हवेच्या दहा लाख भागांत हेलियम जेमतेम ५ भाग असतो. हातचा सुटला की तो हवेतून पुन्हा वेचणे परवडत नाही, आणि भारतात जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून येतो. म्हणून एनएमआरच्या (रेणूंची रचना तपासणाऱ्या उपकरणाच्या) द्रव हेलियमने थंड ठेवलेल्या चुंबकातून उकळून निघणारा वायू गोळा करून त्याचा पुन्हा द्रव करतात. द्रवीकरणाचे यंत्र महाग, आणि एकट्या प्रयोगशाळेच्या वायूवर ते बहुतेक वेळ रिकामेच राहणार; म्हणून अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरणे बरे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यासाठी मध्यवर्ती सोय आहे.

उणे २६९ अंशांचा द्रव नळाने इमारतीइमारतींत फिरवणे फार खर्चाचे. तो ड्युअरमध्ये, म्हणजे मोठ्या थर्मासमध्ये भरून ढकलत नेतात. नळाने परत येतो तो वायू. १ लिटर द्रवाचा सुमारे ७५० लिटर वायू होतो. १०० लिटरच्या ड्युअरमधला वायू १५० बार दाबाने भरायचा तर ५० लिटरचे दहाएक सिलिंडर लागतात.

नळाची खरी मेख दाबात आहे. वायू अरुंद नळातून लांब ढकलला की मागे दाब साठतो. दाबाबरोबर द्रवाचे तापमान हलते आणि एनएमआरचे मोजमाप बिघडते. म्हणून प्रत्येक इमारतीत रुंद नळ जवळच्याच एका मोठ्या पिशवीत सोडतात. पिशवी भरली की कॉम्प्रेसर वायू दाबून पुढे पाठवतो. दाबलेल्या वायूला मग बारीक नळही पुरतो. चुंबक अचानक तापून सगळा द्रव एकदम उकळला, तर तो लोंढा मात्र थेट इमारतीबाहेर सोडावा लागतो.

शेजाऱ्याची हयगय इथे सगळ्यांना भोवते. एका खोलीतला जोड ढिला राहिला की हवा आत शिरते, आणि द्रवीकरण यंत्रात ती गोठून वाट अडवते. त्याआधी वायू द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीतून व कोळशातून नेऊन हवा वेगळी काढतात, पण ही गाळणीही एका मर्यादेपर्यंतच पुरते. म्हणून शुद्धता इमारतीच्या तोंडाशीच तपासावी आणि वायू उलटा फिरू न देणारा व्हॉल्व्ह तिथेच बसवावा. हा खर्च वाचवू पाहणाऱ्या संस्थेने सामायिक यंत्रणेच्या फंदात पडू नये.

शेवटी मीटर. इमारतीला दिलेले लिटर गुणिले ७५०, त्यातून मीटरवर परत आलेला वायू वजा. उपकरणांत शिल्लक असलेला द्रव धरूनही तूट उरली, तर आधी ड्युअरमधून द्रव भरण्याची पद्धत पाहावी. गरम नळी घाईने आत घातली की वायू भसकन निघतो आणि परतीचा नळ जोडलेला नसेल तर खोलीतच जातो.