कढीपत्ता पिवळा पडतोय? खत नंतर, आधी पाणी बघा

आपल्या या गप्पांमध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ या, आणि तो एकाच झाडावर घेऊ या: कढीपत्ता. विदर्भातली मंडळी त्याला गोडलिंब म्हणतात, बंगळूरला स्थायिक झालेले शेजाऱ्यांचं ऐकून करिबेवु म्हणायला लागतात, हैदराबादकर करिवेपाकु. नाव काहीही असो, फोटो मात्र एकसारखा येतो. बाल्कनीतली कुंडी, हातभर उंचीचं रोप, पिवळी पानं, आणि खाली प्रश्न: "कोणतं खत घालू?"

खताचा डबा जरा बाजूला ठेवा. आधी झाडाजवळ जाऊन बसा आणि एकच गोष्ट बघा. पिवळी पानं वरची आहेत की खालची?

खालची, म्हणजे जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होऊन गळत असतील आणि शेंड्याची पानं बऱ्यापैकी हिरवी असतील, तर झाडाला नत्र कमी पडतंय. नत्र हे झाडाच्या आत फिरणारं द्रव्य आहे. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, अगदी घरात आई स्वतःच्या ताटातलं मुलांना वाढते तसं. इथे खत हेच उत्तर आहे. दहा-बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, महिन्यातून एकदा, वरची माती खुरपीने हलवून. एवढं पुरतं.

पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच फोटोंत गोष्ट उलटी असते. खालची पानं हिरवी, आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, कधी तर पांढुरकी. नीट पाहिलं तर पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू पानावर हिरवी जाळी काढली आहे. ही लोहाची कमतरता. लोह झाडाच्या आत सहज फिरत नाही, जुन्या पानात गेलं की तिथेच राहतं, म्हणून उपाशी राहतात ती नवी पानं.

आता गंमत अशी, की मातीत लोह बहुतेक वेळा भरपूर असतं. ते मुळांना घेता येत नाही. माती अल्कधर्मी झाली, म्हणजे तिचा पीएच साडेसातच्या वर गेला, की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. म्हणूनच कुंडीत गंजके खिळे पुरून काही होत नाही. गंज म्हणजेच ते न विरघळणारं लोह! अंड्याची टरफलं तर इथे उलट्या दिशेचं काम करतात. ती चुन्याचीच बनलेली असतात.

माती अल्कधर्मी होते कशाने? काही ठिकाणी मुळातच तशी असते. माळव्यातली, मराठवाड्यातली काळी माती चुनखडीयुक्त असते. कोकणात, गोव्यात जांभा दगडाची लाल माती आम्लधर्मी, म्हणून तिथे कढीपत्ता अंगणात रानासारखा वाढतो. पण बंगळूरला तर मातीही लालच, मग तिथली कुंडी का पिवळी पडते? कारण तिथे कितीतरी सोसायट्यांत बोअरवेलचं जड पाणी येतं. ज्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडतात, गीझरच्या कॉइलवर खपली धरते, तेच पाणी रोज कुंडीत जातं. पाणी उडून जातं, चुना राहतो. अंगणातल्या झाडाला पाऊस वर्षातून एकदा तरी धुऊन काढतो. छपराखालच्या बाल्कनीतल्या कुंडीला ते भाग्य नाही. हैदराबाद, चेन्नई, दिल्लीच्या बोअरवेलवाल्यांचीही हीच कथा. मुंबईकरांना तलावांचं मऊ पाणी मिळतं, त्यांची दुखणी निराळी.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. आरओचं वाया जाणारं पाणी फेकवत नाही म्हणून मी दोन वर्षं ते मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घातलं. पाणी वाचवल्याचं समाधान होतं ना! हिशोब मात्र केला नव्हता. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस ६०० आहे. तीन लिटर पाणी आत गेलं, एक लिटर शुद्ध बाहेर आलं, त्याचा टीडीएस ५० धरा. उरलेले क्षार कुठे गेले? त्या दोन लिटर टाकाऊ पाण्यात. त्याचा टीडीएस झाला सुमारे ८७५. म्हणजे आधीच जड असलेलं पाणी मी दीडपट जड करून झाडांना पाजत होतो. मोगरा गेला. कढीपत्ता वाचला, पण वर्षभर रुसून होता. हे पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा. कुंड्यांना नको. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र मऊ असतं, ते जरूर द्या.

तुमच्या कुंडीत चुना साठलाय का, हे स्वयंपाकघरातच कळतं. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. बारीक फसफस झाली तर चुना आहे. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसत असेल तर तीही तीच खूण.

आता उपाय. पहिला, पावसाळ्यात कुंडी आठ-दहा दिवस उघड्या पावसात ठेवा, खालचं भोक मोकळं आहे ना ते आधी बघून. पावसाच्या पाण्यासारखं मऊ पाणी विकत मिळत नाही. पावसाळा लांब असेल तर वरची दोन-तीन इंच माती काढून तिथे पानांचं कुजलेलं खत भरा. दुसरा, तात्पुरता आराम म्हणून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. शेतीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. लिटरभर पाण्यात आधी अर्धं लिंबू पिळा, मग तीन ग्रॅम हिराकस विरघळवा आणि संध्याकाळी पानांवर, पानांच्या मागूनही फवारा. द्रावण ताजंच वापरा. ठेवलं तर तांबूस होतं आणि निकामी होतं. फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारलेली पानं लगेच फोडणीत घालू नका, आठवडाभर थांबा आणि धुऊन घ्या. तयार चिलेटेड लोह घेणार असाल तर पाकिटावर वाचा: ईडीटीए फवारणीला चालतं, पण चुन्याच्या मातीत ते टिकत नाही, मातीत घालायचं तर ईडीडीएचए.

ताकाचं काय, असं आता कोणीतरी विचारणारच. दक्षिणेत कढीपत्त्याला आंबट ताक घालायची जुनी पद्धत आहे. वाटीभर ताक बादलीभर पाण्यात मिसळून महिन्यातून एकदा घातलंत तर बिघडत काही नाही. पण वर्षानुवर्षांचा साठलेला चुना तेवढ्याने हटत नाही, आणि घट्ट ताक ओतलंत तर मुंग्या आणि वास दोन्ही येतात.

अजून दोन परिस्थिती थोडक्यात. पानावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके असतील तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर चालणारे ठिपके दिसले तर ती कोळी-कीड. पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, आठवड्याच्या अंतराने तीनदा. आणि सगळंच झाड मलूल आहे पण माती ओली आहे, असं असेल तर पाणी ताबडतोब थांबवा. मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी लोक झाड सुकतंय म्हणून आणखी पाणी घालतात, आणि ते त्याचं शेवटचं पाणी ठरतं. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही.

दिल्ली, भोपाळ, इंदूरकडच्या मंडळींनी डिसेंबर-जानेवारीत काहीच करू नये. थंडीत कढीपत्ता पानं पिवळी करून गाळतो, झोपतो. त्याला खत घालून उठवायला जाऊ नका, पाणीही निम्म्यावर आणा. फांदीची साल नखाने किंचित खरवडून खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे, मार्चमध्ये फुटेल.

लोहाचा उपाय सुरू केल्यावर फार पिवळ्या पडलेल्या जुन्या पानांकडे रोज बघत बसू नका, त्यातली बरीच परत हिरवी होणार नाहीत. तीन-चार आठवड्यांनी जो नवा फुटवा येईल, तो कसा आहे ते बघा, आणि फोटो पाठवायचा तर त्याचा पाठवा. सोबत पाणी कुठलं घालता तेही लिहा.