खाटेशेजारची आई

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवली आणि आसपासच्या वाड्यांतलं तान्हं मूल आजारी पडलं की पहिली धाव प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा खोपोलीतल्या खाजगी दवाखान्याकडे असते. तिथे भागलं नाही तर कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. त्याच्याही आवाक्याबाहेर गेलं तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर लोकल पकडून मुंबई: शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचं 1929 साली सुरू झालेलं बालकांचं वाडिया रुग्णालय. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला डॉक्टर बदलतो, परिचारिका बदलते, केसपेपर नव्याने निघतो. पहिल्या उलटीपासून शेवटच्या सलाइनपर्यंत सोबत असतं ते एकच माणूस, बहुतेक वेळा आई. आजाराचा सलग इतिहास फक्त तिच्याजवळ असतो आणि निर्णयाच्या वेळी नेमकं तिलाच ‘बाहेर थांबा’ असं सांगितलं जातं. मुलांच्या रुग्णालयात कुटुंबाला उपचारातला भागीदार मानावं असं मी म्हणतो, त्यामागे हा हिशेब आहे. ही मागणी निव्वळ मायेपोटी केलेली नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनच्या बालवॉर्डांत आईवडिलांना ठरलेल्या वेळीच, तेही थोडा वेळ, भेटता येई. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयात एकट्या पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टरांना तो रुचला नाही. पण 1959 च्या प्लॅट समितीने भेटीच्या वेळांवरची बंधनं सैल करण्याची शिफारस केली आणि पुढे पालकांच्याच संघटनेने ती रुग्णालयांच्या गळी उतरवली. आपल्याकडे असा लढा झाला नाही, कारण सरकारी वॉर्डातून आई कधी बाहेर गेलीच नाही. ती खाटेखाली सतरंजी अंथरून झोपते, फळीला बांधलेला मुलाचा हात हलू नये म्हणून रात्रभर धरून बसते, रक्ताची बाटली घेऊन प्रयोगशाळेत जाते, बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणते. तिचे हात वॉर्डाला हवेच असतात, पण मुलाला काय झालंय आणि पुढे काय करायचंय हे तिला धड कोणी सांगत नाही. नवजात अतिदक्षता कक्षात तर तिला प्रवेशही मोजकाच. तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न आईला आत घेण्यापुरता नाही. आत असलेल्या आईला काय कळू द्यायचं, काय शिकवायचं आणि तिचं म्हणणं कुठे नोंदवायचं, हे ठरवायचं आहे.

याची उत्तरं टंचाईतून निघाली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. 1978 साली बोगोटात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. त्यातून कांगारू पद्धत आली. पुढच्याच वर्षी एस्टोनियातल्या टाल्लिनमध्ये परिचारिका कमी पडल्या, तेव्हा आदिक लेविन यांनी आजारी नवजातांची शुश्रूषा चोवीस तास आयांवर सोपवली. शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी डब्याचं दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला आणि 1989 मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. पण टंचाईतून निघालेली पद्धत म्हणजे गरिबांसाठीची दुय्यम सोय, असं समजायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत 3,211 बाळांवर अभ्यास केला. तो 2021 साली प्रसिद्ध झाला. एक ते 1.8 किलोपर्यंतची काही बाळं प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली होती आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली होती. नेहमीच्या पद्धतीत 28 दिवसांत 15.7 टक्के बाळं दगावली, या पद्धतीत 12 टक्के.

यावर पहिला आक्षेप जंतुसंसर्गाचा. बाहेरचं माणूस आत आलं की जंतू येणार, ही भीती खोटी नाही. पण वरच्याच अभ्यासात जंतुदोषाचा संशय आलेली बाळं आईजवळच्या गटात कमी निघाली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना हात धुण्यापासून बोंडल्याने दूध पाजण्यापर्यंत रीतसर शिकवून आत घेतलं, तेव्हाही संसर्ग वाढला नाही आणि निव्वळ आईच्या दुधावर घरी जाणारी बाळं वाढली. त्या अनुभवावरून केंद्र सरकारने 2017 मध्ये नवजात कक्षांसाठी कुटुंब-सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण वागण्यात दिसतो: अडाणी बाईला यातलं काय कळणार? त्याचं उत्तर गडचिरोलीने दिलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी वीसपर्यंतही आकडे न येणाऱ्या दायांसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वास मोजायचं साधन बनवलं आणि त्यांच्याकडून बाळाचा न्यूमोनिया ओळखून घेतला. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरच्या घरी नवजातांची काळजी घेतली. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. आज आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन बाळाला तपासते, ते याच कामामुळे. शिकवणाऱ्याने पद्धत बदलली की शिकणारीला जमतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. परिचारिकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि त्यांचं काम ‘सहभाग’ म्हणून आईच्या गळ्यात घालायचं, असं होणार नाही का? होऊ शकतं, आणि कर्जत-खालापूर पट्ट्यात त्याची किंमत लगेच दिसेल. इथल्या कातकरी कुटुंबांचं पोट दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर भरतं. तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचं तर आईने साधारण दोन आठवडे सोबत राहायचं असतं. मागे घरी दोन लहान मुलं, भट्टीवर घेतलेली उचल आणि बुडणारी मजुरी असेल, तर ती चौथ्या दिवशी मूल उचलून निघते आणि कागदावर ‘न सांगता गेली’ असा शेरा पडतो. अशा केंद्रांत आईला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे ती म्हणूनच. ती वेळेवर हातात पडली नाही, तर सहभागाची भाषा फोल ठरते. भागीदार म्हणायचं तर तिच्या वेळेची किंमत मोजावी लागेल, बाप किंवा आजी पाळीने बसेल अशी सोय करावी लागेल आणि परिचारिकांच्या जागाही भराव्या लागतील.

डॉक्टरांची अडचणही खरी आहे. एका निवासी डॉक्टरमागे भरलेला वॉर्ड असताना प्रत्येक आईशी बोलायला वेळ कुठून आणायचा? शिवाय नातेवाइकांच्या हल्ल्यांमुळे महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पण जमाव बहुधा शेवटच्या बातमीवर भडकतो, कारण आधीच्या बातम्या त्याच्यापर्यंत पोचलेल्याच नसतात. राउंडच्या वेळी खाटेशेजारी दोन मिनिटं मराठीत बोलणं हे वेळेचं नुकसान नाही. आईचं न ऐकण्याची किंमत श्रीमंत देशांनीही मोजली आहे. लंडनमध्ये 2021 साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी जंतुदोषाने गेली. तब्येत बिघडते आहे हे आईवडील सांगत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. 2024 पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत तिच्या नावाचा नियम लागू होऊ लागला: पालकांना काळजी वाटली तर दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. महाराष्ट्रात जानेवारी 2021 च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं आहे. पण भिंतीवरची सनद रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं ते सांगत नाही.

म्हणून सुरुवात तालुक्याच्या रुग्णालयापासून व्हावी, आणि ती खर्चिक नाही. केसपेपरवर ‘आईचं निरीक्षण’ असा रकाना असावा: किती वेळा लघवी, किती चमचे दूध, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का. पुढच्या रुग्णालयात पाठवताना त्या नोंदी मराठी चिठ्ठीवर आईच्याच हाती द्याव्यात, म्हणजे अलिबाग किंवा शीवला तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. वॉर्डातल्या ठळक फलकावर काळजी वाटल्यास कोणाला बोलवायचं त्याचं पद आणि फोन क्रमांक असावा. रुग्ण कल्याण समितीने बुडीत मजुरी किती आयांना, किती दिवसांत मिळाली याचा दर महिन्याला हिशेब घ्यावा. यातलं काहीच न करता आईला नुसतं आत बसवलं, तर फुकट राबणारं एक माणूस वॉर्डात वाढेल. हे सगळं केलं, तर रुग्णालयाला बाळाची सर्वांत नेमकी माहिती त्याच्याच खाटेशेजारी मिळेल.