खडकातून दाण्यात, दाण्यातून हाडात

ब्रॉयलरचं एक दिवसाचं पिल्लू शेडमध्ये येतं तेव्हा जेमतेम ४०-४५ ग्रॅमचं असतं. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातं. एवढ्या थोड्या दिवसांत नुसतं मांस वाढून भागत नाही, ते पेलणारी हाडंही घडावी लागतात. हाडाला कॅल्शियमबरोबर फॉस्फरस लागतो. तो कमी पडला की पाय वाकतात, पक्षी लंगडतो आणि खाद्याच्या भांड्यापर्यंतही पोचत नाही.

नवल असं की फॉस्फरस त्याच भांड्यात भरपूर असतो. खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंडीचं.   पण दाण्यातला साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या रेणूत बंद असतो. सहा कार्बनचं एक कडं आणि प्रत्येक कार्बनला एक फॉस्फेट. हे सहा फॉस्फेट सहा हातांसारखे कॅल्शियम, जस्त, लोहही धरून ठेवतात.

रोपाने ही शिदोरी स्वतःच्या अंकुरासाठी बांधलेली असते. बी रुजताना फायटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि फॉस्फेट एकेक करून सोडवतं. मटकीला मोड आले की तिच्यातलं फायटेट घटतं ते यामुळेच. बैलालाही सोयापेंडीतला फॉस्फरस मिळवायला अडचण नाही, कारण त्याच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव हे विकर बनवतात. कोंबडीकडे मात्र ते पुरेसं नसतं.

म्हणून एक अजब फेरा चालतो. मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून फॉस्फेटचा खडक भारतात येतो, त्याचं खत होऊन सोयाबीनच्या मुळाशी पडतं, तिथून फॉस्फरस दाण्यात जातो. कोंबडीला तो मिळत नाही, म्हणून खडकापासूनच बनलेलं डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे डीसीपी, खाद्यात पुन्हा घालावं लागतं. एकाच कामासाठी खडक दोनदा विकत घ्यायचा आणि दाण्यातला फॉस्फरस विष्ठेवाटे शेडमध्ये अंथरलेल्या गादीत टाकायचा!

जपानमध्ये उमेतारो सुझुकी आणि सहकाऱ्यांनी १९०७मध्ये भाताच्या कोंड्यात फायटेज ओळखलं. पशुखाद्यासाठी ते बाजारात यायला १९९१ उजाडलं. ते बनवायला एका काळ्या बुरशीच्या जातीचा उपयोग झाला. त्याची मात्रा पाहिली तर विश्वास बसत नाही: अनेक उत्पादनांची फक्त १०० ग्रॅम भुकटी एक टन खाद्याला पुरते. विकर स्वतः खर्च होत नाही. एक फॉस्फेट सोडवलं की पुढच्याला भिडतं.

वेळ मात्र थोडा. अन्नपुट (गळ्यातली खाद्याची पिशवी) आणि पेषणी (खाद्य दळणारं पोट) आम्लधर्मी, तिथेच काम उरकायचं. पुढे लहान आतड्यात आम्लता उतरते, फायटेट कॅल्शियमला बिलगून न विरघळणारा साका होतो आणि मग विकराचं फारसं चालत नाही. त्याआधी खाद्याच्या गोळ्या बनवताना ८० अंशांच्या आसपासची वाफ सोसायची. विकर म्हणजे घडी घातलेलं प्रथिन. उष्णतेने घडी उलगडली की ते निकामी. म्हणून उष्णता सोसणारी विकरं शोधली गेली, कणांवर आवरणं चढवली गेली.

खाद्यात घातल्या जाणाऱ्या झायलनेज या दुसऱ्या विकराचा उपयोग गहू असलेल्या खाद्यात ठळक दिसतो. गव्हातले काही तंतू आतड्यात चिकट खळ करतात आणि विष्ठा पातळ होते. गादी ओली झाली की अमोनियाचा उग्र वास सुटतो, तळपायांना जखमा होतात आणि रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवींना आयतं घर मिळतं. झायलनेज ते तंतू तोडतं, म्हणून गादी कोरडी राहायला मदत होते.

तरीही विकर हे औषध नव्हे. जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. अशा विषाणूला अडवायला जैवसुरक्षाच लागते. तिथे खाद्यातली भुकटी काही करू शकत नाही.

आणि फायटेजचा लाभही हिशेब बदलणाऱ्यालाच मिळतो. ते घातलं, पण डीसीपी पूर्वीइतकंच ठेवलं, तर गरजेपेक्षा जास्त झालेला फॉस्फरस पुन्हा गादीतच जातो. आहारतज्ज्ञाकडून खाद्याचं सूत्र नव्याने मांडून घेतलं, तरच दुसऱ्यांदा विकत घ्यायचा खडक कमी होतो.